कै. नारायण मल्हार जोशी आणि सरकारनियुक्त आसन

सरकारनें नेमलेला सभासद म्हणजे होयबा, असा समज आपल्याकडे जुना आहे, आणि तो निराधार होता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु कै. नारायण मल्हार जोशी यांचें चरित्र पाहिलें म्हणजे हा न्याय सरसकट लावण्यास मन घेत नाहीं.

कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवीं १८७९ त जन्मलेले जोशी प्रथम शिक्षक होते. १९०९ सालीं ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत शिरले, आणि १९११ त त्यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग उभारली. रात्रीच्या शाळा, वाचनालयें, दवाखाने हें तिचें काम. चाळींतील मजुराचें दैन्य त्यांस कळलें तें येथें, पुस्तकांत नव्हे.

१९२० त मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढल्याच सालीं सरकारनें त्यांस मध्यवर्ती विधिमंडळांत मजुरांतर्फे नेमलें. मताधिकार तेव्हां मालमत्तेवर व करावर अवलंबून. गिरणीकामगारास मत कुठलें? तेव्हां दार होतें तें एवढेंच.

त्याच सुमारास मद्रासेंत बकिंगहॅम-कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यांत हायकोर्टानें वाडियाप्रभृति पुढाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम दिला. संप करविणें म्हणजे नोकरीचा करार मोडविणें, ही त्यामागील दृष्टि. उद्यां कोणताहि संघ याच पेंचांत सांपडता! जोशांनीं मार्च १९२१ मध्यें संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव आणून तो मंजूर करून घेतला. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९२६ साल उजाडलें. आणि त्यांतहि संघास मान्यता देण्याचें बंधन मालकावर नव्हतेंच. बाळंतपणांत मजूर स्त्रियांस साहाय्य मिळावें म्हणून १९२४ त त्यांनीं आणलेलें बिल तर सभागृहानें फेटाळलें. सरकारी आसनाची ही मर्यादा आम्हांस लपवावयाची नाहीं.

खरी कसोटी लागली ती १९२९ त. व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा असा नागपूरच्या अधिवेशनांत बहुमताचा कौल पडला. जोशी तर त्या कमिशनचे सभासद. ते आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले व निराळें फेडरेशन निघालें. आमच्या मतें बहिष्कारवाद्यांचा संशय समजण्याजोगा होता. पण मजुरांची बाजू कमिशनपुढें मांडणारे आंत कोणी नसते तर लाभ कोणाचा झाला असता?

दुही पुढें मिटली. १९४० त फेडरेशन मूळ संस्थेंत विलीन झालें, आणि जिच्यांतून ते बाहेर पडले होते त्याच काँग्रेसनें जोशांस पुन्हां सरचिटणीस केलें. तें काम त्यांनीं १९४८ पर्यंत पाहिलें. पूर्वींच्या डिलाइल रोडला आज त्यांचेंच नांव आहे.