डेडलॉक म्हणजे काय? कर्नलमधली लॉक एकमेकांत अडकू नयेत म्हणून काय केलं जातं?

स्क्रीनवर बोट फिरवलं तरी काही हलत नाही. शेवटी पॉवर बटण दाबून धरायचं आणि फोन रिस्टार्ट करायचा. हा अनुभव जवळपास प्रत्येकाने घेतलेला असतो.

बहुतेक वेळा यामागचं कारण साधं असतं. एखादं अ‍ॅप बिघडलेलं असतं किंवा मेमरी भरलेली असते. पण कधीकधी प्रोसेसर ठीक असतो, मेमरीची चिपही ठीक असते आणि तरीही आतली कामं एकमेकांची वाट पाहत कायमची थांबतात. या अवस्थेला 'डेडलॉक' म्हणतात. अँड्रॉइड फोन आणि जगभरातले असंख्य सर्व्हर ज्या लिनक्स कर्नलवर चालतात, तिथे ही अवस्था टाळण्यासाठी काटेकोर नियम आहेत.

लॉक कशासाठी लागतं?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या अ‍ॅपला किती मेमरी द्यायची, कोणाकडून परत घ्यायची, याचा हिशेब तो ठेवतो. मेमरी 'पेज' नावाच्या छोट्या तुकड्यांत वाटली जाते. एक पेज साधारण ४ केबीचं, म्हणजे ४०९६ बाइटचं असतं.

आजच्या फोनमध्ये प्रोसेसरचे अनेक कोअर एकाच वेळी काम करतात. दोन कोअरनी एकाच वेळी एकच हिशेब बदलला तर घोळ होतो. म्हणून ज्याला बदल करायचाय तो आधी लॉक घेतो, काम करतो आणि लॉक सोडतो. तोवर बाकीचे थांबतात.

पोळपाट आणि लाटणं

अडचण येते ती एकाच कामाला दोन लॉक लागतात तेव्हा. समजा, स्वयंपाकघरात दोघं आहेत, पण पोळपाट एकच आणि लाटणंही एकच. एकाने पोळपाट घेतला, दुसऱ्याने लाटणं. पहिला लाटण्याची वाट पाहतोय, दुसरा पोळपाटाची. हातातली वस्तू सोडायला कोणीच तयार नाही. कणीक मळलेली आहे, तवा तापलाय, पण पोळी काही होत नाही.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या संशोधकांनी १९७१ मध्ये डेडलॉकसाठी लागणाऱ्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातली न सोडता दुसरी मागितली जाते, जबरदस्तीने काढून घेता येत नाही आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ तयार होतं. यातली एक अट मोडली की डेडलॉक होत नाही. कर्नलमध्ये मुख्यतः चौथी अट, म्हणजे वर्तुळ, मोडण्यावर भर असतो.

मेमरीच्या बाबतीत धोका जास्त का?

कारण कर्नलच्या जवळपास प्रत्येक भागाला मेमरी लागते. आणि मेमरी कमी पडली की ती मोकळी करायला कर्नलला पुन्हा त्याच भागांची मदत घ्यावी लागते.

समजा, फाइल सिस्टीमने एक लॉक घेतलंय आणि कामासाठी तिने थोडी मेमरी मागितली. मेमरी शिल्लक नाही. मग कर्नल जुनी पेजेस मोकळी करू लागतो. त्यासाठी तो फाइल सिस्टीमलाच सांगतो, 'तुझ्याकडची जागा रिकामी कर.' पण ते करायला हवं असतं तेच लॉक, जे आधीच घेतलेलं आहे. म्हणजे मेमरी मागणारा स्वतःचीच वाट पाहत बसतो.

दुसरं उदाहरण फाइलमध्ये लिहिण्याचं. अ‍ॅप लिहायला सांगतं तेव्हा फाइलचं लॉक घेतलं जातं आणि अ‍ॅपच्या मेमरीतून डेटा कॉपी होतो. तो डेटा रॅममध्ये नसेल तर त्याला आत आणावं लागतं आणि त्यासाठी अ‍ॅपच्या मेमरी-नकाशाचं लॉक, म्हणजे 'एमएमॅप लॉक' लागू शकतं. क्रम झाला: आधी फाइल, मग नकाशा. आता त्याच अ‍ॅपच्या दुसऱ्या थ्रेडने नकाशा बदलण्यासाठी नकाशाचं लॉक आधी घेतलं आणि मग फाइलचं मागितलं, तर वर्तुळ पूर्ण होतं. दोघंही अडकतात.

मग उपाय काय?

*ठरलेला क्रम:* पोळपाट आधी, लाटणं नंतर, हा नियम सगळ्यांनी पाळला तर वर्तुळ होतच नाही. लिनक्सच्या मेमरी व्यवस्थापनाच्या कोडमध्ये काही फाइल्सच्या सुरुवातीलाच लॉकच्या क्रमाची यादी लिहिलेली आहे. दोन लॉक एकाच प्रकारची असतील तर अनेक ठिकाणी ज्याचा मेमरीतला पत्ता लहान, ते आधी घेतात.

*मेमरी मागताना अट:* फाइल सिस्टीम मेमरी मागताना 'नोएफएस' अशी खूण लावू शकते. अर्थ असा की मेमरी मोकळी कर, पण त्यासाठी परत फाइल सिस्टीमकडे येऊ नकोस. मात्र ही खूण सरसकट लावली तर मेमरी मोकळी करण्याचे मार्गच कमी होतात. म्हणून ती गरजेपुरतीच वापरायची असते.

*मिळालं तर घे, नाहीतर पुढे जा:* याला 'ट्रायलॉक' म्हणतात. जुनी पेजेस मोकळी करताना एखाद्या पेजचं लॉक मिळालं नाही, तर कर्नल ते पेज सोडून पुढचं पाहतो.

चूक कोण पकडतं?

कर्नलमध्ये हजारो लॉक आहेत. सगळे क्रम लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून इंगो मोल्नार यांनी तयार केलेलं 'लॉकडेप' हे साधन २००६ मध्ये लिनक्समध्ये आलं.

कोणतं लॉक हातात असताना कोणतं मागितलं गेलं, याची नोंद लॉकडेप ठेवतो. आज 'अ' नंतर 'ब' आणि उद्या 'ब' नंतर 'अ' असा क्रम दिसला, की तो लगेच इशारा देतो. प्रत्यक्ष डेडलॉक होण्याची गरजच नसते. हे महत्त्वाचं आहे, कारण असा डेडलॉक लाखात एकदा घडू शकतो आणि तो मुद्दाम घडवून दाखवणं फार कठीण असतं.

लॉकडेपला मर्यादाही आहेत. कोडचा जो भाग चाललाच नाही, त्यातली चूक त्याला दिसत नाही. शिवाय त्यामुळे कर्नल मंदावतो. म्हणून तो चाचणीच्या वेळी वापरतात, ग्राहकाच्या फोनमध्ये सहसा बंद असतो.

मेमरी पूर्ण संपली तर?

तेव्हा कर्नल एखादी प्रोसेस निवडून बंद करतो. पण ती प्रोसेसच एखाद्या लॉकची वाट पाहत असेल आणि ते लॉक ज्याच्याकडे आहे तो मेमरीची वाट पाहत असेल तर? पुन्हा वर्तुळ. त्यावर २०१६ मध्ये 'ऊम रीपर' आला. निवडलेली प्रोसेस संपण्याची वाट न पाहता तो तिची मेमरी काढून घेऊ लागतो. तोही नकाशाच्या लॉकसाठी अडून बसत नाही. मिळालं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

तुमच्याशी याचा संबंध काय?

डेडलॉक झाला की अडकलेली कामं आपोआप सुटत नाहीत, रिस्टार्ट हाच मार्ग उरतो. फोनमध्ये न सेव्ह केलेलं काम जातं. सर्व्हरवर झाला तर त्यावरच्या सेवा थांबतात.

लॉकची रचना आजही बदलतेय. २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.४ पासून मेमरी-नकाशाच्या प्रत्येक भागाला वेगळं लॉक देण्याची सोय झाली, त्यामुळे अनेक थ्रेड असलेल्या अ‍ॅपना एकमेकांसाठी कमी थांबावं लागतं. मात्र लॉक जितकी जास्त, तितके क्रम जास्त आणि चुकण्याच्या जागाही जास्त. म्हणूनच कर्नलमध्ये नवं लॉक आणताना एक प्रश्न विचारावाच लागतो: हे घेताना हातात आधीच काय आहे?