कबरीतली अंगठी

आज एका अंगठीची गोष्ट सांगतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारन नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातल्या ब्योर्को बेटावर इ. स. ७५०च्या सुमारास बिर्का हे व्यापारी गाव वसले आणि सव्वादोनशे वर्षांनी ओस पडले. राहिले ते गावाभोवतीचे मातीचे उंचवटे. ही व्हायकिंग लोकांची दफनभूमी. कुणाला जाळून वर माती लोटलेली, कुणाला पेटीत निजवलेले, तर कुणाला जमिनीखालच्या लाकडी खोलीत शस्त्रांसह ठेवलेले.

याल्मार स्टोल्पे हा कीटकांचा अभ्यासक १८७१ साली इथे आला, तो अंबर शोधायला. अंबर म्हणजे प्राचीन झाडांचा गोठलेला चीक. त्यात कधी कधी कीटक अडकलेले असतात. कीटक बाजूला राहिले आणि त्याने सुमारे ११०० कबरी उकरल्या.

त्यातली एक नवव्या शतकातली. देह मातीत पूर्ण मिसळून गेलेला. ती बाई असावी, हे कपड्यांच्या अवशेषांवरून आणि दागिन्यांवरून ठरवले. सोबत चांदीची एक अंगठी, तिच्यात जांभळा खडा आणि खड्यावर कुफी वळणाची अरबी अक्षरे. संशोधकांनी ती वाचली, ‘अल्लाहसाठी’.

मी अरबी शिकलो ती कुराण वाचण्यापुरती. तरी ही हकीकत वाचली तेव्हा मन एकदम म्हणाले, ‘अरे, ही तर आपली बाई!’ हजार मैलांवरच्या, हजार वर्षांपूर्वीच्या अनोळखी बाईशी मी क्षणात नाते जोडून मोकळा झालो.

पण मंडळी, बिर्काची माती अशा घाईला फसवते. १८७८ साली उकरलेल्या एका कबरीत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन ढाली आणि दोन घोडे निघाले. पुरुष योद्धाच, असे सर्वांनी धरून टाकले. २०१७ साली हाडांतल्या डीएनएने सांगितले, ही स्त्री होती. ती स्वतः लढत होती का, यावर अजून वाद आहे. अंगठीचा खडाही अमेथिस्ट म्हणून नोंदला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तो रंगीत काच निघाला. अर्थात त्या काळी उत्तरेकडे काचही नवलाईची होती.

मग या बाईचा धर्म मी कशावरून ठरवू? अल्लाहचे नाव तर अरबी दिरहमांवरही असे. व्हायकिंग व्यापारी ती नाणी तराजूत टाकून चांदीच्या वजनाने घेत. अक्षरे कुणाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. बाईला ती अक्षरे कळत होती की नुसती नक्षी वाटत होती, हे अंगठी सांगत नाही.

ती एवढेच सांगते, की तिच्या चांदीवर घडवतानाचे कानशीचे ओरखडे अजून दिसतात. म्हणजे ती फारशी वापरली गेली नव्हती, फार हातांतून फिरलीही नव्हती. दूरच्या मुलखातल्या एका कारागिराचा हात आणि या बाईचे बोट, यांच्यात फार थोडी माणसे होती. बाईला ‘आपली’ म्हणायचा मोह मी आवरला आहे. पण ते ओरखडे मनातून जात नाहीत.