शंभर मण्यांची माळ

शाळेची सहल ठरली की आपण फळ्यावर सामानाची यादी लिहितो. एक ताट, एक पेला, अंथरूण-पांघरूण, कपड्यांचा एक जोड, वही, पेन्सिल. निघण्याच्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या पाठीवर यादीच्या दुप्पट ओझे असते. ‘लागले तर असू द्या’ म्हणून घरून भर पडलेली असते. मग पहिल्याच चढावर वाद सुरू होतो : कोणाचे काय काढायचे?

सामान कमी करायचे म्हणजे नेमके काय करायचे? काही वस्तू वगळायच्या, की त्याच वस्तू लहान करून घ्यायच्या? वगळलेल्या वस्तूचे काम मग कोण करणार? हा प्रश्न घेऊन आम्ही विज्ञानाच्या इतिहासात शिरलो, तेव्हा तेथे आपल्याच पेशातला एक माणूस भेटला. हिमालयातील एका खेड्यातला शाळामास्तर. पण त्याच्या हलक्या सामानाचे मोल कळायचे, तर आधी एका जड सामानाची हकीकत पाहिली पाहिजे.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. तत्त्व साधे होते. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. मिळालेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा आणि असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देश मापायचा. मात्र एका कोनात झालेली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते. त्यामुळे कोन फार काटेकोरपणे मोजावे लागत. त्यासाठी लॅम्टनने लंडनच्या विल्यम कॅरीकडून थिओडोलाइट मागवला. त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे होते आणि वजन सुमारे अर्धा टन! इतके मोठे का? वर्तुळ जितके मोठे, तितक्या त्याच्या कडेवरच्या अंशांच्या खुणा दूर दूर पडतात आणि बारीक फरकही वाचता येतो. अचूकपणा हवा तर यंत्र जड, असा तो हिशेब होता.

हे यंत्र वाहायला डझनभर माणसे लागत. ते डोंगरावर, किल्ल्यावर, सपाट मुलखात देवळाच्या गोपुरावर चढवावे लागे. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि वर्तुळ वाकले. लॅम्टनने सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा कामाजोगे केले. पुढे १८२३ साली हे काम चालू असतानाच तो आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे.

त्रिकोणांची ही साखळी पुढे हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. भारताच्या बाजूने दिसणाऱ्या शिखरांच्या उंची दुरून मोजता आल्या. पण शिखरांच्या पलीकडे काय? ल्हासा नेमके कोठे आहे? त्सांगपो नदी कशी वाहते? याची खात्रीलायक माहिती सर्वेक्षण खात्याकडे नव्हती. तिबेटची सरहद्द परकीयांना बंद होती. मध्य आशियात पकडले जाण्याचा अर्थ काय, हेही दिसून आले होते. १८५७ साली अडॉल्फ श्लागिंटवाइट या जर्मन संशोधकाचा काशगर येथे शिरच्छेद झाला होता. अशा मुलखात अर्धा टनाचे यंत्र सोडाच, हातभर दुर्बीणही उघड नेणे शक्य नव्हते.

कॅप्टन माँटगोमेरी या अधिकाऱ्याने यावर तोड काढली. ज्यांचे तिबेटात जाणे-येणे आहे, अशा भारतीयांनाच सर्वेक्षण शिकवून पाठवायचे. १८६३ साली त्यासाठी दोन चुलतभावांना डेहराडूनला आणले गेले. मणिसिंह आणि नैनसिंह रावत. नैनसिंह कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचा, जन्म १८३०चा. तेथील लोकांचा तिबेटशी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार, त्यामुळे तिबेटी भाषा त्याला येत होती. श्लागिंटवाइट बंधूंबरोबर त्याने प्रवासही केला होता. पुढे तो गावच्या सरकारी शाळेत शिक्षक झाला, म्हणून त्याला ‘पंडित’ म्हणत.

आता या पंडिताचे सामान पाहू.

पहिली वस्तू जपमाळ. नेहमीची माळ १०८ मण्यांची असते, याची १०० मण्यांची होती. डेहराडूनला त्याला पहिला धडा मिळाला तो चालण्याचा. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे : साधारण साडेएकतीस इंच, म्हणजे मैलाला सुमारे २००० पावले. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की १०,००० पावले, म्हणजे ५ मैल. लांबी मोजण्याची साखळी घरीच राहिली. तिचे काम पायांनी आणि मण्यांनी केले.

दुसरी वस्तू प्रार्थनाचक्र. त्याच्या पोकळीत मंत्राची गुंडाळी असते. नैनसिंहाच्या चक्रात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या, त्यांवर तो दिशा आणि अंतरे टिपून ठेवी. वाटेत कोणी जवळ येऊ लागले की तो चक्र फिरवत जप सुरू करी. जप करणाऱ्याला मध्येच थांबवून बोलण्याची रीत नव्हती, त्यामुळे मोजणी मोडत नसे.

तिसरी वस्तू तापमापक. हवेचा दाब उंचीबरोबर कमी होतो आणि त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळ मानाने दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू १ अंश सेल्सिअसने उतरतो. ल्हासाला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे उंची मोजायला तापमापक, भांडे आणि विस्तव पुरे. चहासाठी पाणी उकळणाऱ्या वाटसरूचा कोणाला संशय येणार?

चौथी वस्तू पारा. अक्षांश काढायला सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे, हे सेक्स्टंट या यंत्राने मोजतात. समुद्रावर क्षितिजाची रेषा सरळ दिसते, डोंगरात ती दिसत नाही. मग क्षितिज बरोबर न्यावे लागते! भांड्यात ओतलेल्या पाऱ्याचा पृष्ठभाग आपोआप समतल होतो आणि आरशासारखा चकाकतो. तारा आणि त्याचे पाऱ्यातले प्रतिबिंब यांमधला कोन मोजला, त्याची निमपट केली, की ताऱ्याची उंची मिळाली. हा पारा नैनसिंहाने कवड्यांत भरून नेला होता. मोजणीच्या वेळी तो आपल्या भिक्षापात्रात ओती.

यांखेरीज सेक्स्टंट पेटीच्या खोट्या तळाखाली लपवलेला होता, शिवाय होकायंत्र आणि घड्याळ होते. रात्री दिवा लावून यंत्र वाचणे धोक्याचे असे. म्हणून कधी कधी तो अंधारात कोन घेई, यंत्र तसेच जपून ठेवी आणि आकडा सकाळच्या उजेडात वाची.

१८६५च्या आरंभी दोघे डेहराडूनहून निघाले. नेपाळातून तिबेटात शिरण्याचा प्रयत्न फसल्यावर मणिसिंह मागे फिरला. नैनसिंह व्यापाऱ्याच्या वेषात एकटा पुढे गेला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. तेथे त्याचे पैसे संपत आले. तेव्हा त्याने काय करावे? त्याने नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब लिहिण्याची पद्धत शिकवली आणि पोट भरले. शिकवण्याची विद्या ही त्याच्या सामानातली सर्वांत हलकी वस्तू म्हणायची!

एप्रिलमध्ये ल्हासा सोडून त्सांगपोच्या काठाकाठाने तो मानसरोवरापर्यंत गेला आणि ऑक्टोबर १८६६ मध्ये परत आला. सुमारे १२०० मैलांची मोजणी झाली होती. मैलाला २००० पावले धरली तर ही २४ लाख पावले झाली, म्हणजे माळेचे २४० फेरे. ३० हून अधिक ठिकाणांचे अक्षांश आणि तितक्याच ठिकाणांच्या उंची त्याने आणल्या. ल्हासाचा त्याने काढलेला अक्षांश २९ अंश ३९ मिनिटे होता. आजच्या नकाशातही तो तेवढाच सापडतो.

पावलांनी मोजलेले अंतर विश्वासाचे कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे की नैनसिंहाची मापे एकमेकांना तपासत होती. दोन गावांच्या अक्षांशांतील फरक ताऱ्यांवरून मिळे. तोच फरक पावले आणि होकायंत्रावरूनही काढता येई. दोन्ही जुळले तर पाऊल खरे, न जुळले तर पावलाचे माप सुधारून घ्यायचे. लॅम्टनचा अचूकपणा येथे नव्हता. पण कोऱ्या नकाशावर पहिली रेघ ओढायला हा पुरेसा होता. ज्या कामाला जेवढा अचूकपणा लागतो, तेवढाच बरोबर न्यायचा, हेही सामान बांधण्याचेच एक तत्त्व आहे.

मात्र या हकीकतीची दुसरी बाजू मुलांपासून लपवू नये. हे सामान केवळ चालायला सोपे जावे म्हणून लहान केलेले नव्हते, ते लपवता यावे म्हणूनही लहान होते. ज्यांच्या देशात तो पाहुणा होता, त्यांच्या नकळत हे मापन चालले होते, आणि नकाशा एका साम्राज्याच्या कामी येणार होता. १९०३-०४ साली इंग्रजांची फौज ल्हासापर्यंत गेली. आणि यंत्राचे ओझे कमी झाले, तेव्हा जिवाची जोखीम मात्र सगळी एका माणसाच्या अंगावर आली. प्रवासांच्या अहवालांत गुप्ततेसाठी त्याचा उल्लेख नुसता ‘पंडित’ असा होत असे. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढायला २००४ साल उजाडले.

पुढे नैनसिंहाचा चुलतभाऊ किशनसिंह अशाच एका मोठ्या प्रवासाला गेला. वाटेत त्याला घोड्यावर बसणे भाग पडले. आता पावले कशी मोजायची? त्याने घोड्याचा उजवा पुढचा पाय किती वेळा पडतो ते मोजले आणि हिशेब चालू ठेवला. वस्तू हातची जाते, पण पद्धत कळलेली असेल तर ती नव्या परिस्थितीतही वापरता येते.

आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे मिळाले असे वाटते. वस्तू वगळली तरी तिचे काम शिल्लक राहतेच. ते काम करण्याची विद्या अंगी असेल तरच ती वस्तू घरी ठेवता येते. साखळी घरी ठेवण्याआधी नैनसिंहाला चालायला शिकावे लागले होते.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. मैदानावर टेपने १०० मीटर आखावेत. प्रत्येकाने ते अंतर तीनदा चालून आपल्या पावलाची सरासरी लांबी काढावी. मग शंभर चिंचोक्यांची किंवा मण्यांची माळ घेऊन शाळेपासून एसटी थांब्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडावीत. कृत्रिम क्षितिजासाठी पारा मुळीच वापरू नये, त्याची वाफ विषारी असते. थाळीत काळा चहा ओतून त्यात झेंड्याच्या खांबाचे टोक पाहावे. सूर्याकडे किंवा त्याच्या प्रतिबिंबाकडे कोणीही पाहू नये.

आणि पुढच्या सहलीची यादी लिहिताना प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना जास्त आखावा : ‘हिच्याऐवजी आपल्याला काय यायला हवे?’ तो रकाना जितका भरेल, तितक्या पिशव्या हलक्या होतील.