ऑनलाइन दुकानाची विश्वासार्हता

दुकानदार आणि माल दोन्ही नजरेआड असताना ग्राहकाने आगाऊ पैसे मोजावेत, एवढा भरवसा ज्या गोष्टींमुळे निर्माण होतो त्यांचा समुच्चय. विक्रेत्याची ओळख, मालाची खरी माहिती, एकूण किंमत, पैसे भरण्याची सुरक्षित सोय, खरे अभिप्राय, परतावा व तक्रारनिवारण ही तिची मुख्य अंगे होत. या सर्वांची कसोटी एकच असते : दुकानाने केलेला दावा ग्राहकाला स्वतः पडताळता येतो का? भारतात यांतील बहुतेक बाबी २०२० पासून दुकानदाराच्या मर्जीवर राहिलेल्या नाहीत; त्या कायद्याने बंधनकारक आहेत.

पार्श्वभूमी : पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक कापड चाचपून पाहते, आंबा हुंगते आणि माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यासमोर येऊन उभे राहते. संकेतस्थळावर यांतले काहीच शक्य नसते. विक्रेत्याला मालाची पूर्ण माहिती आणि ग्राहकाला अर्धवट, अशा बाजारात चांगला माल विकणाराच मागे पडतो, असे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या विक्रीचे उदाहरण घेऊन १९७० मध्ये दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेवर अनोळखी माणसे एकमेकांना वस्तू विकू लागली. ही माहितीची उणीव भरून काढण्यासाठी तेथे पुढच्याच वर्षी व्यवहारानंतर परस्परांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय झाली. भारतात २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली. वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याच्या या मुभेने असंख्य कुटुंबांना ऑनलाइन खरेदीची पहिली सवय लावली. तथापि पाकीट उघडण्याआधीच बहुधा पैसे द्यावे लागत असल्याने तिचे संरक्षण अपुरे असते, आणि न स्वीकारलेल्या पाकिटांच्या जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्यावर पडतो.

ओळख व पत्ता : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील ई-कॉमर्स नियम २३ जुलै २०२० रोजी लागू झाले. त्यांनुसार दुकानाचे कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता, ग्राहकसेवेचे संपर्क आणि तक्रारनिवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा लागतो. नियमितपणे धंदा करणारे घरगुती दुकानही यातून सुटत नाही. केवळ वैयक्तिक स्वरूपाच्या किरकोळ विक्रीला सूट आहे.

पत्त्याइतकेच महत्त्व नोंदणी क्रमांकांना असते, कारण ते बाहेरून तपासता येतात. जीएसटी क्रमांक १५ वर्णांचा असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य दाखवतात (महाराष्ट्र २७, गोवा ३०), आणि त्यापुढचे दहा वर्ण पॅनचे असतात. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नोंदलेले नाव कळते. लोणची, मसाले, फराळ अशा खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लागतो. हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावरचा सहा वर्णांचा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. असे क्रमांक दडवणाऱ्या दुकानाच्या सजावटीला अर्थ नाही.

मालाची माहिती व किंमत : आवेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांत सुधारणा होऊन १ जानेवारी २०१८ पासून कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन किंवा संख्या, उत्पादकाचे नाव व पत्ता ही माहिती विक्रीच्या पानावरही देणे आवश्यक झाले. ई-कॉमर्स नियमांनी उत्पादनाचा देश आणि जेथे लागू असेल तेथे मुदत संपण्याची तारीख सांगण्याचे बंधन घातले. एकूण किंमत एका आकड्यात सांगून कर, पाठवणी व इतर आकारांची फोड दाखवावी लागते. शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम पाहून ग्राहक खरेदी अर्धवट सोडतो, आणि त्याचा संशय रास्त असतो.

प्रदेशाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या मालात खऱ्या माहितीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. ही नावे वापरणाऱ्या विक्रेत्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी, बागेचे किंवा कारागिराचे गाव आणि स्वतः काढलेली छायाचित्रे दिली, तर ग्राहकाला खऱ्याखोट्याचा निवाडा करता येतो. दुसऱ्याच्या पानावरून उचललेली चित्रे हे बनावट दुकानाचे नेहमीचे लक्षण आहे.

पैसे भरण्याची सुरक्षितता : संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असणे म्हणजे ग्राहकाचे यंत्र व दुकान यांच्यातली माहिती कूटबद्ध होऊन जाते. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ही सोय नसलेल्या संकेतस्थळांवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारतो. मात्र ही सोय फसव्या संकेतस्थळांनाही फुकट मिळते. कुलपाचे चिन्ह पाहून लोक दुकानालाच प्रामाणिक समजत, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले.

कार्डाचा संपूर्ण क्रमांक साठवण्यास दुकानांना रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई केली आहे. त्याच्या जागी टोकन, म्हणजे पर्यायी संकेतांक, वापरले जाते. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. परतावा मिळवण्यासाठी पिन किंवा ओटीपी मागणारा कोणीही ठकच समजावा. दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीच्या खात्यावर पैसे भरायला सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

अभिप्राय : ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिणे ई-कॉमर्स नियमांनी निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक आहे. अभिप्राय कसे गोळा करावेत, त्यांची छाननी कशी करावी आणि ते कसे प्रसिद्ध करावेत, हे त्यात सांगितले आहे. नाराजीचा अभिप्राय न खोडता त्याखाली उत्तर आणि केलेली दुरुस्ती नोंदवणे ही चांगल्या दुकानाची खूण होय.

फसवी रचना : ग्राहकाला चकवून त्याच्याकडून नको ते करून घेणारी पानांची मांडणी ‘डार्क पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांना मनाई केली. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न विचारता टाकलेली वस्तू किंवा देणगी, नकार देणाऱ्याला लाजवणारी शब्दरचना, सहज सुरू होणारी पण बंद न होणारी वर्गणी हे त्यांतील काही प्रकार होत. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्यासही ई-कॉमर्स नियमांची बंदी आहे. अशा युक्त्यांनी आजची विक्री वाढेल, पण फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही आणि इतरांनाही सावध करते.

परतावा व तक्रारनिवारण : विश्वासाची खरी परीक्षा व्यवहार बिनसल्यावर होते. तक्रार आल्यापासून ४८ तासांत तिची पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे तक्रारनिवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेला उशीर हा अपवाद. परतीची मुदत, पाठवणीचा खर्च कोणाकडे आणि पैसे कोणत्या मार्गाने परत मिळणार, ही तीन उत्तरे खरेदीपूर्वी, ग्राहकाच्या भाषेत आणि सोप्या शब्दांत मिळायला हवीत. मराठी ग्राहकांना माल विकायचा आणि अटी मात्र क्लिष्ट इंग्रजीत ठेवायच्या, ही पद्धत अन्यायाची आहे.

दुकानाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या अधिनियमानुसार ग्राहक आपण राहतो किंवा काम करतो तेथील ग्राहक आयोगाकडेही दाद मागू शकतो. त्यामुळे लातूरच्या ग्राहकाला दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध लातूरलाच तक्रार करता येते. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

मूल्यमापन : छोट्या दुकानाकडे मोठ्या कंपनीची जाहिरात नसते, परंतु खरे नाव, खरा पत्ता, तपासता येणारे क्रमांक, पूर्ण किंमत आणि वेळेवर उचलला जाणारा दूरध्वनी या गोष्टी त्याच्याही आवाक्यात असतात. ग्राहकानेही पैसे भरण्यापूर्वी त्या एकदा तपासून पाहाव्यात, आणि आपला पत्ता सांगू न शकणाऱ्या दुकानाला आगाऊ रक्कम देऊ नये.