रोसीओ : दवाचे नाव



बारशाला गेले की बाळीच्या नावाचा अर्थ विचारण्याची मला खोडच आहे. जाई, शेवंती, गोदा, कृष्णा अशी फुलांची नि नद्यांची नावे आपल्याकडे आहेत, तशी ती स्पेन देशातही आहेत. त्यांतले मला आवडलेले नाव रोसीओ. रोसीओ म्हणजे दव, आपले दहिवर.

लॅटिन भाषेत दवाला 'रोस' म्हणत; त्याच कुळातला हा शब्द. स्पॅनिशमध्ये तो पुल्लिंगी आहे. मग मुलीचे नाव कसा झाला? त्याचे उत्तर एका देवस्थानात सापडते.

दक्षिण स्पेनमध्ये उएल्वा प्रांतात, आल्मोंते गावाच्या हद्दीत, दलदलीच्या काठी मेरीमातेचे स्थान आहे. तेराव्या शतकात दहावा आल्फोन्सो राजा याने ते बांधविले असे सांगतात. तेव्हा तिला त्या जागेवरून 'रोसिनासची मारिया' म्हणत. १६५३ साली आल्मोंतेकरांनी तिला गावाची रक्षणकर्ती मानले आणि रोसिनासचे रोसीओ झाले. पवित्र आत्म्याची कृपा दवासारखी अलगद उतरते, हा त्यातला भाव. पुढे भाविक आपल्या मुलींना 'मारिया देल रोसीओ', म्हणजे दवाची मारिया, म्हणू लागले. घरात हाक मारताना नुसती रोसीओ राहिली.

१७५५ च्या मोठ्या भूकंपात जुने मंदिर पडले; हल्लीचे १९६९ सालचे आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला तेथे मोठी यात्रा भरते. लोक पायी, घोड्यांवर, सजविलेल्या बैलगाड्यांतून येतात. आपल्या वारीची आठवण व्हावी असाच तो थाट.

रोसिनास हे नाव मात्र अगदीच पुसले नाही. शेजारच्या ओढ्याला अजून 'रोसिना' म्हणतात. हे वाचले तेव्हा मला आपण बायका आठवलो. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि माझे जुने नाव माहेरच्या ओढ्याकाठी राहिले. आता त्या नावाने एकटा भाऊच हाक मारतो. स्पेनमध्ये लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. वडिलांचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे ती जन्मभर बाळगते.

नवे नाव मला प्रिय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या नावातही कुणाची तरी हौस होती, काही अर्थ होता. म्हणून एक सूचना करते. पुढील वर्षी सभासदांच्या यादीत प्रत्येकीचे माहेरचे नावही छापावे. किती फुले नि किती नद्या आपल्या मंडळात इतकी वर्षे शेजारी बसल्या आहेत, ते तरी कळेल!