पोह्यांतले लोह, लायचा तांदूळ आणि रेशनची गोणी : पोषणाची माहिती विश्वासार्ह कशी ठरते?

रायपूर : कांदेपोह्यांतून शरीराला लोह किती मिळते, या साध्या प्रश्नाची दोन उत्तरे आज इंटरनेटवर शेजारीशेजारी नांदत आहेत. एका उत्तरानुसार 100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह असते. दुसऱ्यानुसार जेमतेम साडेचार मिलिग्रॅम. यांपैकी एकही आकडा कोणी मनाने रचलेला नाही. दोन्ही एकाच संस्थेच्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, तक्त्यांतून आलेले आहेत. फरक आहे तो काळाचा.

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. राजधानी रायपूरच्या उत्तरेला असलेले भाटापारा पोह्यांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असून तेथील पोहे महाराष्ट्रातही जातात. या राज्यातील 15 ते 49 वयोगटातील 60.8 टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के होते. त्यामुळे भातात, पोह्यांत किंवा रेशनच्या तांदळात लोह किती, हा येथे केवळ कुतूहलाचा विषय नाही. ही माहिती कोण शोधते, कोण तपासते आणि ती वाचकाच्या मोबाइलपर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, हे तांदळाच्याच तीन उदाहरणांवरून पाहता येते.

आकडा जन्मतो कसा?

राष्ट्रीय पोषण संस्थेचे मूळ 1918 मध्ये तामिळनाडूतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी सुरू केलेल्या बेरीबेरी संशोधन केंद्रात आहे. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना होणारा हा आजार. म्हणजे भारतातील पोषणसंशोधनाची सुरुवातच तांदळापासून झाली. 1958 मध्ये संस्था हैदराबादला हलली. 1971 मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचा तक्ता ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढची कित्येक दशके आहारशास्त्राची पाठ्यपुस्तके, रुग्णालयांतील आहारतक्ते आणि वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरे त्याच आकड्यांवर चालली. पोह्यांतील 20 मिलिग्रॅम लोह तिथले.

2017 मध्ये डॉ. टी. लोंगवाह आणि सहकाऱ्यांनी नवे तक्ते सिद्ध केले. देशाचे सहा विभाग पाडून त्यांतून नमुने गोळा करण्यात आले. 528 खाद्यपदार्थ आणि त्यांतील 151 घटक अशी या कामाची व्याप्ती आहे. बहुतेक आकड्यांपुढे सरासरीबरोबर चढउताराची मर्यादाही दिली आहे, कारण एका शेतातले धान्य दुसऱ्या शेतातल्यासारखे नसते. या तक्त्यात पोह्यांतील लोह 100 ग्रॅमला 4.46 मिलिग्रॅम आहे. बाजरीचे लोह 8 वरून 6.42 वर आले, तर नाचणीचे कॅल्शियम 344 वरून 364 मिलिग्रॅमवर गेले. नमुना कुठला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आणि मोजणी कशी केली, यांवर आकडा अवलंबून असतो. पोह्यांच्या जुन्या आकड्याबाबत, ते चपटे करताना लोखंडी यंत्रांशी येणाऱ्या संपर्काचे कारणही दिले जाते.

ताटात याचा अर्थ काय होतो? एका बशीला साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे लागतात असे धरले, तर जुन्या हिशेबाने 12 मिलिग्रॅम लोह मिळते आणि नव्या हिशेबाने पावणेतीनच्या आत. 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ महिलेसाठी दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. जुना आकडा वाचणारी महिला आपली सुमारे 40 टक्के गरज न्याहारीतच भागली असे मानेल; प्रत्यक्षात ती दहा टक्क्यांच्याही आत आहे. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच अंश शरीर शोषून घेते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत या बाबतीत उपयोगाची आहे, कारण क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते.

नवे तक्ते प्रसिद्ध होऊन इतकी वर्षे झाली तरी जुना आकडा मरत नाही. एका लेखातून दुसऱ्यात, तेथून चित्रफितीत असा तो फिरत राहतो. मूळ ग्रंथाचे नाव आणि वर्ष वाटेत गळून पडते; उरतो तो आकडा, आणि वर्षाविना आकडा नेहमी ताजाच वाटतो.

लायचाची बातमी

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात देशी भाताच्या 23 हजारांहून अधिक वाणांचा संग्रह आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या वाणांवर तो उभा आहे. या संग्रहातील गठवन, महाराजी आणि लायचा या तीन वाणांत कर्करोगविरोधी गुणधर्म आढळल्याची बातमी 2018 मध्ये देशभर झळकली. हे काम विद्यापीठाने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर केले होते. लोकपरंपरेत या वाणांना औषधी स्थान आधीपासूनच होते. संधिवातासाठी गठवन आणि त्वचेच्या विकारांसाठी लायचा वापरला जात असे. परंपरेतील असा धागा पकडून प्रयोगशाळेत शोध घेणे हे संशोधनाचे रास्त आणि मोलाचे काम आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. या वाणांच्या अर्काचा परिणाम पाहिला गेला तो प्रामुख्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुफ्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगपेशींवर. काचेच्या बशीतील पेशींवर अर्क थेट घातला जातो. ताटातला भात मात्र आधी शिजतो, मग पचतो, त्यातील घटकांचा काही भाग आतड्यांतून रक्तात उतरतो, यकृतात त्यात बदल होतात, आणि उरलेले पेशींपर्यंत पोहोचते. पेशींवर परिणाम दाखवणारे असंख्य पदार्थ पुढच्या टप्प्यांवर गळतात. पेशी, प्राणी, माणसांचा छोटा गट आणि अखेरीस यादृच्छिक पद्धतीने गट पाडून केलेली मोठी चाचणी, अशी ही चढण आहे. ‘हा भात खाल्ल्याने कर्करोग बरा होतो’ हे विधान अखेरच्या पायरीवरच करता येते. 2018 ची बातमी पहिल्या पायऱ्यांची होती.

बातमीच्या मथळ्यात ‘प्रयोगशाळेतील पेशींवर’ हे शब्द क्वचितच मावतात. समाजमाध्यमांवर तर ते उरतच नाहीत. कर्करोगाने ग्रासलेल्या घरात असा मजकूर पोहोचतो, तेव्हा उपचारांना होणारा उशीर ही त्याची खरी किंमत असते. कर्करोगासह अनेक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पण व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला मजकूर जाहिरात ठरत नाही.

एखाद्या दाव्याची पायरी वाचकाला स्वतःही तपासता येते. माणसांवरील चाचण्यांची नोंद ठेवणारी भारतीय नोंदवही 2007 पासून इंटरनेटवर खुली आहे. चाचणीत किती जण आहेत, काय मोजले जाणार आहे, हे तीत आधीच लिहून ठेवावे लागते. निकाल पाहून नंतर उद्दिष्ट बदलण्याला त्यामुळे आळा बसतो. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच विषयातील इतर तज्ज्ञ तो वाचतात आणि उणिवा दाखवतात. ही तपासणी आवश्यक आहे, पण ती सत्याचा शिक्का नव्हे. परीक्षकांसमोर निबंध असतो, प्रयोग नसतो.

गोणीवरची सूचना

तिसरे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे, कारण येथे जाणकारांमध्येच मतभेद झाले आणि शासनाची अधिकृत सूचनाही बदलली. 15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून 2024 पर्यंत सरकारी योजनांतून पोषणसमृद्ध तांदूळ देण्याची घोषणा केली. छत्तीसगडमध्ये त्याआधीच कोंडागाव जिल्ह्यात प्रायोगिक वाटप सुरू झाले होते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व मिसळून तांदळासारखे दाणे तयार केले जातात आणि 100 दाण्यांना एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळले जातात. मानकानुसार अशा एक किलो तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असावे लागते. वेगळे दिसणारे हे दाणे प्लास्टिकचे असल्याची अफवा अनेक राज्यांत पसरली आणि घरोघरी ते निवडून फेकले गेले. योजना पोहोचली, तिची माहिती मागे राहिली.

त्याहून गंभीर मुद्दा सिकलसेलचा होता. छत्तीसगडच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत, तसेच महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार लोहयुक्त केलेल्या अन्नाच्या पाकिटावर सूचना बंधनकारक होती : थॅलेसेमियाच्या रुग्णांनी ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, सिकलसेलच्या रुग्णांनी टाळावे. सूचना गोणीवर होती; रेशन दुकानात तांदूळ मात्र सुटा मापून मिळतो. ज्याच्यासाठी ती लिहिली, त्याच्या पिशवीत ती कधीच पडत नव्हती. हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला.

केंद्राने तज्ज्ञांच्या कार्यगटाकडून पुराव्यांचा आढावा घेतला. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार द्याव्या लागणाऱ्या रक्तातून जितके लोह मिळते, त्या मानाने या तांदळातील लोह अल्प आहे. सिकलसेलच्या रुग्णांत लोहाचे शोषण रोखणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाची पातळी वाढलेली असते, त्यामुळे जादा लोह शोषले जाण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष मांडण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तांदूळविषयक 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही असा इशारा नाही, याकडे सरकारने लक्ष वेधले. जुलै 2024 मध्ये प्राधिकरणाने ही सूचना काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राने योजनेला डिसेंबर 2028 पर्यंत मुदतवाढ दिली.

हा तांदूळ सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. त्याने रक्तक्षय कमी होतो का, हा दुसरा. लेखांत या दोहोंची सर्रास गल्लत होते. दुसऱ्या प्रश्नावर कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 2019 चा आढावा महत्त्वाचा आहे. त्यात 17 अभ्यास आणि 10,483 सहभागी यांची माहिती एकत्र तपासली गेली. कोक्रेनच्या पद्धतीत कोणते अभ्यास घ्यायचे याचे निकष आधीच जाहीर केले जातात, दोन परीक्षक स्वतंत्रपणे निवड करतात आणि प्रत्येक निष्कर्षापुढे पुराव्याची खात्री किती हेही लिहिले जाते. त्यांचा निष्कर्ष असा, की लोहयुक्त तांदळाने रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडत नसावा. डॉ. अनुरा कुरपाड, डॉ. हर्षपाल सिंग सचदेव यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनीही सरसकट लोह मिसळण्याबाबत जाहीरपणे सावधगिरीचा सल्ला दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ज्या समाजांचे मुख्य अन्न तांदूळ आहे, त्यांच्यासाठी लोह मिसळण्याची शिफारस केली. पुराव्यांचे वजन करताना जाणकारांचे असे मतभेद होतात. ते लपवून एकच ठाम वाक्य देणारा लेख वाचायला सोपा असतो, एवढेच.

तारीख आणि नाव

हा बदल समजून घेतल्यावर इंटरनेटवरील मजकुरात सर्वप्रथम काय पाहावे, हे उघड होते : तारीख. 2022 मध्ये सिकलसेलविषयी लिहिलेला प्रामाणिक लेख आज अद्ययावत नाही. चांगली संकेतस्थळे प्रथम प्रसिद्धीची आणि शेवटच्या पुनर्तपासणीची तारीख वेगवेगळी देतात. लिहिणारा आणि तपासणारा यांची नावे व पात्रता सांगतात. कुठला अभ्यास, किती माणसांवर, खर्च कोणाचा, हे नोंदवतात. ‘तज्ज्ञांनी तपासलेले’ असा नुसता शिक्का नावाशिवाय निरर्थक आहे. समाजमाध्यमांवर आरोग्यसल्ला देणाऱ्या प्रमाणित तज्ज्ञांनी आपली पात्रता उघड करावी, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ‘पुरेसे पाणी प्या’ यासारख्या सर्वसाधारण सल्ल्याला त्यातून सूट आहे.

मूळ कागदपत्रे फार दूर नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली 17 आहारसूत्रे संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. हीच सूत्रे 1998 मध्ये प्रथम आली आणि 2011 मध्ये सुधारली गेली. सिकलसेलच्या रुग्णाने रेशनचा तांदूळ खावा की नाही, हे मात्र यांपैकी कोणत्याही दस्तऐवजावरून घरच्या घरी ठरवू नये. रक्त किती वेळा दिले गेले आणि शरीरात लोहाचा साठा किती, हे तपासणारे डॉक्टरच ते सांगू शकतात. रायपूरमध्ये त्यासाठी राज्य शासनाची स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे.