काळा आंब

आमच्या घरी दूध उतू गेले की आई म्हणावयाची, "केलेस ना पानिपत!" मराठी घरांत हा शब्द इतका सहज बोलला जातो की, ते एक गाव आहे हे मला शाळेतच कळले.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना कुरुक्षेत्र दाखवावयास नेले, तेव्हा दिल्लीहून जाताना वाटेत पानिपतास उतरलो. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई झाली, ते रण शहराबाहेर आहे. त्या जागेला 'काळा आंब' म्हणतात. आंब्याला काळा म्हणावे, याचे मला नवल वाटले.

तेथे पूर्वी आंब्याचे झाड होते. तिकडचे लोक सांगतात, इतके रक्त सांडले की झाडच काळे पडले. कुणी म्हणतात, त्याचे फळ चिरले की रक्तासारखा लाल रस निघे. मला वाटते, जुना, दाट आंबा लांबून काळाच दिसतो. आमच्या माहेरच्या परसातला तसाच दिसे. पण तिथे उभे राहिल्यावर हे बोलण्याचा धीर झाला नाही. झाड केव्हाच गेले. आता स्तंभ आहे, भोवती लोखंडी कठडा.

विश्वासराव, भाऊसाहेब ही नावे आपल्याला तोंडपाठ आहेत. पण सैन्याबरोबर बायकामुले आणि यात्रेकरूही होते, हे आपण विसरतो. छावणीची रसद तुटली आणि सर्वांची उपासमार झाली. लढाईनंतर कितीतरी बायका धरून नेल्या. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई परत आल्या; पती गेले हे त्यांनी मानलेच नाही, असे सांगतात. पुढे भाऊसाहेबांचा तोतयाही निघाला. त्याला १७७६ साली देहदंड झाला. पार्वतीबाईंचे नाव तरी राहिले. बाकीच्यांचे कुणापाशी आहे? 'लाख बांगडी फुटली' म्हणतात, पण ज्यांच्या हातांतल्या बांगड्यांसकट त्यांना नेले, त्या कोणत्या मोजणीत?

मी हे बोलले तेव्हा सासूबाई गप्प होत्या. मग त्यांनी पिशवीतली कुंकवाची पुडी सोडली. कुरुक्षेत्रासाठी जपून आणली होती. कठड्याशी वाकून चिमूटभर कुंकू मातीत वाहिले आणि म्हणाल्या, "ज्यांना माहेर पुन्हा दिसले नाही, त्यांच्यासाठी."

रखवालदार बघत होता. त्याने आम्हांला अडवले नाही.